बेडकाच्या फुफ्फुसातले जंत आणि डीएनए

प्रश्न: ताई, मी पुण्यात पौड रोडला राहते, एमएस्सी झूलॉजी करतेय. पावसात गाडीखाली येऊन मेलेला खरखरीत पाठीचा बेडूक सापडला, सरांना विचारून कॉलेजच्या लॅबमध्ये उघडला तर फुफ्फुसात सात जंत निघाले. सर म्हणतात ऱ्हॅब्डियास (फुफ्फुसात राहणारा गोल जंत) आहे, पण स्पीशीज नुसतं बघून सांगता येणार नाही, डीएनए करावा लागेल. कुठला मार्कर (ओळखीसाठी वाचायचा डीएनएचा ठरावीक तुकडा) घेऊ? चार जंत फॉर्मलिनमध्ये टाकलेत, ते चालतील का? आणि हे माणसाला होतात का?

उत्तर: माणसाला होत नाहीत, फक्त ग्लोव्ह्ज घाल आणि हात साबणाने धू. फॉर्मलिनमधल्या चारांवर पीसीआर (डीएनएच्या कॉप्या वाढवणं) करायच्या भानगडीत पडू नकोस, फॉर्मलिनने डीएनएचे तुकडे पडतात, ते स्लाइडसाठी ठेव. उरलेले तीन आजच्या आज ९५ टक्क्यांच्या वरच्या इथेनॉलमध्ये टाकून फ्रीजरला लाव.

सरांचं म्हणणं अगदी बरोबर आहे गं. बाकीच्या बऱ्याच गोल जंतांमध्ये नराच्या शेपटीवरून, तिथल्या काट्यांवरून आणि बारीक पुटकुळ्यांवरून स्पीशीज ठरते, पण ऱ्हॅब्डियासची फुफ्फुसातली पिढी उभयलिंगी असते, तिथे नरच नाही, नर असतो मातीत राहणाऱ्या पिढीत, आणि फुफ्फुसातले सगळे दिसायला जवळजवळ सारखेच, मग ओळखायचं कशावरून.

मार्कर एक नको, दोन घे. पहिला आयटीएस आणि त्याच्या शेजारचा २८एस, हे रायबोसोमच्या जनुकांच्या पट्ट्यातले तुकडे, यांच्या पेशीत भरपूर कॉप्या असतात म्हणून एवढ्याशा जंतातूनही पीसीआर बहुतेक येतो. दुसरा मायटोकाँड्रियाचा सीओआय, तो लवकर बदलतो म्हणून जवळच्या स्पीशीज वेगळ्या काढायला बरा, पण जंतांमध्ये त्याचे प्रायमर (पीसीआर सुरू करून देणारे डीएनएचे छोटे तुकडे) बऱ्याचदा दगा देतात, पहिल्यांदा जेलवर बँड, म्हणजे डीएनए वाढल्याची पट्टी, नाही आली तर रडू नकोस. अजून एक, मायक्रोस्कोपखाली जंताच्या पोटातून काळपट रेघ जाताना दिसली असेल ना, ते बेडकाचं रक्त आहे. डीएनएसाठी मधला तुकडा घेतला (डोकं आणि शेपूट स्लाइडवर ठेवायचं, फेकायचं नाही) तर बेडकाचा सीओआय वाढून येऊ शकतो, म्हणून सिक्वेन्स (डीएनएतल्या अक्षरांचा क्रम) आला की आधी तो जंताचाच आहे ना ते बघ.

मग ब्लास्ट, म्हणजे आपला सिक्वेन्स ऑनलाइन डेटाबेसमधल्या सिक्वेन्सशी जुळवून बघणं. ९९ टक्के मॅच आलं म्हणजे नाव मिळालं असं मानून थिसिसमध्ये लिहू नकोस प्लीज, मला हे बघून फार त्रास होतो. तिथे नाव ज्याने सिक्वेन्स टाकला त्याने दिलंय, ते कुठल्या बेडकातून, कुठल्या देशातून, नमुना जपलाय का हे वाच. जवळचं काहीच नाही मिळालं तर सरळ 'ऱ्हॅब्डियास, स्पीशीज अनिश्चित' लिही, त्यात कमीपणा नाही.

आणि बेडकाच्या मांडीचा तुकडाही ठेव, कारण हा बेडूक आशियाभर एकच स्पीशीज आहे का यावरच अजून काम चालू आहे. चिठ्ठी पेन्सिलीने लिहून नळीच्या आत टाक, तारीख आणि जागेसकट, पेनची शाई इथेनॉलमध्ये विरघळते.