चैत्रात रोपं नको, भाऊ

आत्ता चैत्रातच झाडं लावायची म्हणताय, उत्साह चांगलाय, पण आता रोपं लावू नका. आपल्या जळगाव-धुळ्यात पुढे पारा ४४ अंशांवर जातो. मी एकदा लावली होती, मे महिन्यात नुसत्या काड्या उरल्या. सध्या दीड-दोन फुटी खड्डे खणा, उन्हात तापू द्या. लागवड मृगाचे दोन-तीन दमदार पाऊस झाल्यावर. मुरमाड जमिनीत अंजन, कडुनिंब. पिशवी फाडूनच लावा (हसू नका, नवखे विसरतात).

तोवर अमरवेलीकडे, म्हणजे दुसऱ्या झाडाचा रस शोषून जगणाऱ्या वेलीकडे बघा. बोरीवर पिवळ्या शेवयांसारखं जाळं दिसलं की नुसतं ओढू नका. बोटभर तुकडा फांदीला राहिला तरी पुन्हा पसरते. फुलं येण्याआधी फांदीसकट छाटा. छाटलेलं बांधावर टाकू नका, वारा नसताना मोकळ्यात जाळा. फवारणीचं नंतर बोलू.