विषय सुचत नसतील तर : माझा गुळाचा अनुभव

आपल्या कांदा-लसूण चटणीच्या व्यवसायाच्या जाहिरातीसाठी इंटरनेटवर रोज काय लिहावे ते सुचत नाही आणि एक एजन्सी महिनाभराचे विषय आयते देण्यास तयार आहे, हे वाचून मला माझेच जुने दिवस आठवले.

माझा गुळाचा व्यवसाय आहे. मीही एका एजन्सीकडून असेच महिनाभराच्या विषयांचे कॅलेंडर घेतले होते. ८ महिने, दरमहा १२,००० रुपये. त्या एजन्सीतल्या एकानेही गुऱ्हाळ पाहिलेले नव्हते. सणांच्या शुभेच्छा, जागतिक हास्यदिन, गुळाचे दहा फायदे, आणि एकदा तर उसाच्या जागी चक्क बांबूचे चित्र! तरीही मोठी चूक माझीच होती. 'तुमचा गूळ इतका काळपट का?' असे विचारणाऱ्या मुंबईच्या एका बाईंना मी 'तो असाच असतो' म्हणून गप्प केले. वास्तविक तोच प्रश्न दर आठवड्याला कोणी ना कोणी विचारत होते, आणि मी मात्र विषय विकत घेत होतो.

एजन्सी सोडल्यावर व्हॉट्सॲपवरचे जुने प्रश्न मी एका वहीत उतरवून काढले. पहिला लेख रंगावरच लिहिला : काहिलीत रस उकळताना भेंडीचे पाणी घालून मळी कशी काढतात, पिवळाधमक रंग आणण्यासाठी काही ठिकाणी हायड्रॉस पावडर (रंग उजळवणारे रसायन) कशी वापरतात, आणि उसाची जात व जमीन यांमुळेही रंग कसा बदलतो. त्यापाठोपाठ पावसाळ्यात गूळ का पाझरतो, हा विषय आला. रंगावरचा लेख मी आजही गिऱ्हाइकांना पाठवतो.

आपल्याकडेही ब्याडगी मिरची कशासाठी आणि संकेश्वरी मिरची कशासाठी, चटणीला बुरशी का येते, असे प्रश्न येतच असतील. जाता जाता एक सांगतो : आपण कोल्हापूरकर जिला चटणी म्हणतो, तिला बाहेरचे लोक मसाला म्हणतात. तेव्हा लेखात दोन्ही शब्द असू द्यावेत. लोक कोणत्या शब्दांनी शोधत आपल्या संकेतस्थळावर येतात, ते 'गूगल सर्च कन्सोल' या गूगलच्याच साधनात फुकट दिसते.

मी या क्षेत्रातला जाणकार नाही, आणि माझा माल थोडा असल्याने मोठ्या उद्योगाला हे लागू पडेलच असे नाही. सगळ्याच एजन्सी तशा असतात, असेही माझे म्हणणे नाही. फक्त सही करण्यापूर्वी, मिरची कुटताना एक दिवस डंकावर येऊन थांबाल का, एवढे त्यांना विचारावे. आमच्या एजन्सीच्या मंडळींनी व्हिडिओ कॉलवर भागेल म्हणून सांगितले होते, आणि तो कॉलही त्यांनी कधी केला नाही.