संक्रांतीचा काळा फ्रॉक आणि मेलबर्नचं ऊन

प्रिय सई,

"एरवी सणाला काळं नको म्हणता, मग संक्रांतीलाच काळं का? आणि आजी म्हणते की काळं उबदार असतं म्हणून. पण बाबा, इथे जानेवारीत किती उकडतं!" परवा गाडीत तू हे विचारलंस आणि तेवढ्यात तुझी पोहण्याची वेळ झाली. दोन वाक्यांत उरकावा असा हा प्रश्न नाही, म्हणून सवडीने लिहितोय. एखादा शब्द अडला तर आईला विचार.

आधी आजीची बाजू. ती पुण्यात वाढली, आणि तिथून पाहिलं तर तिचं म्हणणं बरोबर आहे. पौष महिना, सकाळी बोचरी थंडी, दिवस लहान. काळं कापड उन्हातला प्रकाश जास्त शोषून घेतं आणि तापतं, हे तू शाळेत शिकलीच आहेस. पण ऊन असेल तरच. हळदीकुंकू असतं संध्याकाळी, घरात, दिव्यांच्या उजेडात. तिथे काळ्या आणि पांढऱ्या साडीच्या उबेत म्हणावा असा फरक पडत नाही. उन्हातसुद्धा गोष्ट वाटते तितकी सरळ नाही. सिनाईच्या वाळवंटातले बेदुइन लोक रणरणत्या उन्हात काळे झगे घालतात. काही शास्त्रज्ञांनी ते तपासलं आणि १९८० साली 'नेचर' या विज्ञानाच्या नियतकालिकात निष्कर्ष छापला: काळं कापड जास्त तापतं खरं, पण झगा सैल असल्यामुळे आत हवा खेळते आणि ती जास्तीची उष्णता कातडीपर्यंत पोहोचायच्या आत वाहून नेते. पांढऱ्या झग्यातला माणूस आणि काळ्या झग्यातला माणूस, दोघांना उष्णता सारखीच जाणवते. म्हणजे तुझा काळा फ्रॉक सुती आणि घोळदार असला, तर इथल्या जानेवारीतही तू भाजून निघणार नाहीस.

तिळाचं आणि गुळाचं उत्तर सोपं आहे. तेव्हा शेतातून नवा तीळ घरात आलेला असतो, उसाचं गाळप चालू असतं, नवा गूळ बाजारात येतो. तिळात वजनाच्या जवळजवळ निम्मं तेल असतं, थंडीत ते अंगी लागतं. हातात आलेल्या पिकाचा सण, एवढं पुरे.

खरी गंमत सूर्याची आहे. संक्रांतीपासून उत्तरायण सुरू होतं, दिवस तिळातिळाने मोठा होतो, असं आपण लहानपणापासून ऐकतो. मेलबर्नमध्ये नेमकं उलटं होतं. सूर्य उत्तरेकडे सरकू लागला की तो आपल्यापासून दूर जातो. डिसेंबरअखेर इथला दिवस पावणेपंधरा तासांचा असतो आणि संक्रांतीपर्यंत तो पंधरावीस मिनिटांनी लहान झालेला असतो. ज्या सूर्याचं पुण्याला स्वागत चालू असतं, त्याला आपण इथे निरोप देत असतो.

आणि पुण्यातसुद्धा उत्तरायण १४ जानेवारीला सुरू होत नाही. सूर्य उत्तरेकडे वळतो २१ किंवा २२ डिसेंबरला. मग हे तीन आठवड्यांचं अंतर आलं कुठून? पृथ्वीचा अक्ष एका जागी स्थिर नाही. फिरणारा भोवरा जसा डोलतो तसा तो डोलतो, आणि एका डोलण्याला सुमारे २६,००० वर्षं लागतात. त्यामुळे ताऱ्यांवरून मोजलेलं वर्ष ऋतूंवरून मोजलेल्या वर्षापेक्षा सुमारे वीस मिनिटांनी मोठं भरतं. वीस मिनिटं म्हणजे काहीच नाही असं वाटेल, पण सत्तर-बाहत्तर वर्षांत त्यांचा एक अख्खा दिवस होतो. आपली संक्रांत ताऱ्यांवरून ठरते, मकर राशीत सूर्य शिरला की. सुमारे सतराशे वर्षांपूर्वी मकरसंक्रमण आणि उत्तरायण एकाच सुमाराला होत होतं. तेव्हाच्या लोकांनी आकाश बघून सण बसवला आणि तो अगदी अचूक बसवला. पुढे आकाश सरकलं, सण ताऱ्यांबरोबर गेला, ऋतू मागे राहिले. मला हे फार आवडतं. आपल्या स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयाच्या जानेवारीच्या पानावर पृथ्वीच्या डोलण्याची खूण आहे, आणि ती बघायला दुर्बीण लागत नाही.

याचा एक पुरावा देतो. स्वामी विवेकानंद १२ जानेवारी १८६३ ला जन्मले, तो संक्रांतीचा दिवस होता. तेव्हा १२, आता १४ किंवा १५. आता याच रीतीने मागे जा. तू ऐकलं असशील की पानिपतची तिसरी लढाई, १४ जानेवारी १७६१, संक्रांतीच्या दिवशी झाली. दरवर्षी मोबाईलवर हा संदेश फिरतो, आजोबाही सांगतात, आणि तो ऐकून माझ्याही पोटात कालवतं. पण १८६३ च्या संक्रांतीपासून १०२ वर्षं मागे मोजत गेलीस, आणि मधलं १८०० हे लीप वर्ष नव्हतं हेही धरलंस, तर तुझ्या लक्षात येईल की १७६१ ची संक्रांत ९-१० जानेवारीच्या आसपास येते. लढाईच्या दिवशी सण होऊन चार-पाच दिवस लोटले होते. त्याने पानिपतचं दुःख तसूभरही कमी होत नाही. आजचं कॅलेंडर आपण नकळत जुन्या काळावर ठेवतो आणि दोन मोठ्या गोष्टी एका तारखेला आल्या की मन त्यांची गाठ मारतं. ती गाठ कुठे खरी आहे आणि कुठे आपण मारलेली आहे, हे ओळखता यावं एवढंच मला तुझ्याकडून हवं आहे. आजोबांना सांगताना मात्र हिशेबाचा कागद घेऊन बस. त्यांना आकडे आवडतात, ते ऐकतील.

आपले सण ऋतूंशी पुन्हा जुळवावेत असा विचार देशात झालाही होता. भौतिकशास्त्रज्ञ मेघनाद साहांच्या अध्यक्षतेखाली १९५२ मध्ये समिती नेमली गेली आणि २२ मार्च १९५७ पासून ऋतूंशी बांधलेलं राष्ट्रीय सौर कॅलेंडर लागू झालं. सरकारी कागदांवर ते आलं. घराघरात मात्र पंचांगच राहिलं. लोकांना सण आजी-पणजीने ज्या दिवशी केला त्या दिवशी करायचा होता, आणि मला वाटतं त्यात अडाणीपणा नव्हता. सण आकाशासाठी जितका असतो तितकाच एकमेकांसाठीही असतो.

म्हणूनच प्रत्येक रीतीमागे विज्ञान आहेच असं ठासून सांगणारे जे व्हिडिओ येतात, त्यांचा मला त्रास होतो. त्यातून विज्ञानाचंही नुकसान होतं आणि रीतीचंही. काळा रंग उबेसाठी एवढंच खरं मानलं, तर मेलबर्नमध्ये तुझा काळा फ्रॉक निरर्थक ठरेल. तो निरर्थक नाही. सर्वांत लांब रात्रींचे दिवस सरले, त्या रात्रीचा रंग एकदा अंगावर घेऊन तिला निरोप द्यायचा, असंही कोणी सांगतं. तेही सुंदर आहे. पण माझं स्वतःचं उत्तर हलव्याच्या दागिन्यांत आहे.

माझी आजी, म्हणजे तुझी पणजी, हलवा घरी करायची. कोळशाच्या शेगडीवर परात, परातीत मूठभर खसखस, बाजूला साखरेचा पाक. चमचाभर पाक शिंपडायचा आणि बोटांनी दाणे फिरवत राहायचे. तो सुकला की पुढचा चमचा. पाकातलं पाणी उडून जातं आणि साखर आधीच्या स्फटिकांवर बसत जाते. घाई करून जास्त पाक घातला तर दाणे एकमेकांना चिकटून गोळा होतो. दोन-तीन सकाळी असं बसलं की खसखशीच्या एवढ्याशा दाण्याला काटे फुटू लागतात. तिच्या बोटांची टोकं लाल झालेली असायची. मग तो हलवा दोऱ्यात गुंफून हार, बाजूबंद, बिंदी. काळ्या चंद्रकळेवर ते पांढरे काटेरी दाणे घातलेली माझी आत्या मला आठवते. पांढऱ्यावर, पिवळ्यावर ते दिसलेच नसते. त्या दागिन्यांना काळंच हवं.

आणि इथे मला तुला एक कठीण गोष्ट सांगायची आहे, कारण तू विचारलंस की एरवी काळं का नको. आपल्याकडे काही रंग, काही वस्तू शुभ आणि काही अशुभ ठरवल्या गेल्या. रंगांपर्यंतच ते थांबलं असतं तर बिघडलं नसतं. पण माणसांनाही त्यात बसवलं. ज्या आजीने अख्ख्या आळीसाठी हलवा केला, ती आजोबा गेल्यानंतर हळदीकुंकवाच्या वेळी बाहेरच्या खोलीत येत नसे. बायका यायच्या, अत्तर लावलं जायचं, वाण दिलं जायचं, तिने केलेला हलवा वाटला जायचा, आणि ती स्वयंपाकघरात पाटावर बसून राहायची. तिला कुणी "आत बस" असं म्हणत नव्हतं, म्हणायची गरजच नव्हती. अशुभ मानलेल्या काळ्या रंगाला वर्षातून एक दिवस मान होता. तिला त्या दिवशीही नव्हता. मी तेव्हा तुझ्याएवढा होतो आणि त्याचा राग मला अजून येतो.

हे निसर्गाने ठरवलेलं नव्हतं. पृथ्वीचा अक्ष डोलतो, ते कुणालाही थांबवता येत नाही. पण कोण शुभ आणि कोण अशुभ हे माणसांनी ठरवलं होतं, आणि माणसं ते बदलू शकतात. बदलतातही. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावाने कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र काढून घेणं या विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर ग्रामपंचायतींनाही तसं करण्याचं आवाहन करणारं परिपत्रक काढलं. ठरावाने सगळी मनं बदलत नाहीत हे खरं. तरीही एका गावाने एकत्र बसून हे लिहून काढलं, याचं मला मोल वाटतं.

तेव्हा यंदा आपल्या घरच्या हळदीकुंकवाला आई सगळ्यांना बोलावणार आहे. शेजारच्या लिंबू आणून देणाऱ्या आजी, ज्यांचे यजमान दोन वर्षांपूर्वी गेले, त्यांना सगळ्यात आधी. हळदीकुंकू लावायला तूच पुढे जा. त्यांना लावून घ्यायचं नसेल तर नुसता तिळगूळ दे. चिकूच्या बोरन्हाणात बोरं मिळाली नाहीत म्हणून आपण चेरी टाकल्या होत्या, आठवतंय ना? कुणाचंही काही अडलं नाही. रीत अशीच नव्या मातीत रुजते, आणि ती कशी रुजवायची हे आपल्या हातात आहे.

आता तुला एक काम. मीटरभर लांबीची काठी मागच्या अंगणात सरळ उभी रोव. २१ डिसेंबरला दुपारी सव्वा वाजल्यापासून दर पाच मिनिटांनी सावली मोज आणि सर्वांत आखूड सावली वहीत लिही. १४ जानेवारीला पुन्हा तसंच कर, तेव्हा ती दीडच्या सुमारास मिळेल. मेलबर्नमध्ये ती साधारण २६ सेंटिमीटरवरून २९ वर गेलेली दिसेल. पुण्यात आजोबा गच्चीवर त्याच दिवशी साडेबारा ते पाऊणच्या दरम्यान मोजतील, त्यांची सावली ९० वरून ८४ च्या आसपास उतरेल. तुझी सावली दक्षिणेकडे पडेल, त्यांची उत्तरेकडे. दोन्ही आकडे शेजारी शेजारी लिही आणि संक्रांतीच्या फोनवर आजीला वाचून दाखव. काळा फ्रॉक घालून.

तुझा,
बाबा