सर्टिफिकेट खरे आहे, तरीही भीती का वाटते?

'मॅडम, माझे मेडिकल सर्टिफिकेट कंपनीने पडताळणीसाठी पाठवले आहे,' हे वाक्य समुपदेशक म्हणून मी इतक्या निरनिराळ्या माणसांकडून ऐकले आहे, की ते कानावर पडताच पुढचे वाक्य मनात आपोआप जुळू लागते. ते बहुधा असे असते : 'सर्टिफिकेट अगदी खरे आहे हो, पण रात्री झोप लागत नाही.' हे सांगणारी माणसे कामचुकार नसतात. वर्षानुवर्षे खाडा न केलेली, अंगात कणकण असतानाही कामावर गेलेली माणसेच या पत्राने सर्वांत जास्त हादरतात. त्यांच्यापैकी एका गृहस्थांची हकीकत, ओळख पटू नये इतपत तपशील बदलून, येथे लिहीत आहे.

हे गृहस्थ एका मोठ्या कंपनीच्या भांडार विभागात पंधरा वर्षे काम करत होते आणि त्यांच्या हाताखाली दहा माणसे होती. बारा दिवसांची आजारपणाची रजा संपवून ते कामावर परतले आणि तिसऱ्या दिवशी मनुष्यबळ विभागाची ई-मेल आली. तिची छापील प्रत ते चार घड्या करून खिशात घेऊन आले होते. 'आपण सादर केलेले वैद्यकीय प्रमाणपत्र नियमित प्रक्रियेनुसार पडताळणीसाठी पाठवण्यात येत आहे. सोबतच्या संमतिपत्रावर सही करून परत पाठवावे,' एवढाच मजकूर होता. त्यांनी तो मला तीन वेळा वाचून दाखवला, आणि तिन्ही वेळा 'नियमित प्रक्रियेनुसार' हे शब्द त्यांच्या वाचनातून गळले. कागद माझ्या हातात आला तेव्हाच ते शब्द मला दिसले.

अशा वेळी भावनेत शिरण्याआधी वस्तुस्थिती समोर ठेवावी, असे माझे मत आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५च्या सुमारास मांडलेल्या विवेकनिष्ठ विचारसरणीवर माझी घडण झालेली आहे. घटना आणि तिचा होणारा त्रास यांच्यामध्ये आपणच उच्चारलेले एक वाक्य उभे असते, हे त्या विचारसरणीचे सार मी रोजच्या कामात पडताळून पाहत आले आहे. ते वाक्य सापडण्यासाठी आधी घटना कितीशी मोठी आहे हे कळले पाहिजे. म्हणून पहिल्या भेटीत मी त्यांना विचारले, 'पडताळणी म्हणजे ते नेमके काय करणार, असे तुम्हाला वाटते?'

'डॉक्टरांना फोन करतील, फाईल मागवतील, मला काय झाले होते ते सगळे विचारतील.'

प्रत्यक्षात काम बरेच कोरडे असते. हजारो माणसे काम करतात तिथे हे काम वरिष्ठांकडे नसते. मनुष्यबळ विभागातील एखादा कर्मचारी, कंपनीचा वैद्यकीय विभाग किंवा बाहेरून नेमलेली संस्था ते करते. सर्टिफिकेटवरील तारखा हजेरीच्या नोंदींशी जुळतात का, खाडाखोड आहे का, शिक्का आणि सही आहे का, हे प्रथम पाहिले जाते. त्यानंतर डॉक्टरांचे नाव आणि नोंदणी क्रमांक वैद्यकीय परिषदेच्या नोंदवहीत तपासले जातात. दवाखान्याला फोन करायचा झाला, तर सर्टिफिकेटवरचा क्रमांक न वापरता दवाखान्याचा जाहीर क्रमांक स्वतंत्रपणे शोधला जातो, कारण बनावट कागदावरचा क्रमांकही बनावट असू शकतो. आणि विचारायचे ते एवढेच, की या नावाच्या व्यक्तीला, या तारखेला, इतक्या दिवसांसाठी हे प्रमाणपत्र आपण दिले आहे काय. याचे उत्तर 'हो' किंवा 'नाही' असे येते.

या प्रश्नाच्या पलीकडे जाण्यावर अनेक देशांनी बंधने घातली आहेत. अमेरिकेत कुटुंब व वैद्यकीय रजेच्या कायद्याखाली दिलेले प्रमाणपत्र डॉक्टरांनीच दिले आहे का हे मालकाला विचारता येते, अक्षर लागत नसेल तर खुलासा मागता येतो, पण ज्यादा वैद्यकीय माहिती मागता येत नाही. कर्मचाऱ्याच्या थेट वरिष्ठाला तर डॉक्टरांशी संपर्क साधण्याची सक्त मनाई आहे. जर्मनीत १ जानेवारी २०२३पासून सरकारी आरोग्य विम्यातील कर्मचाऱ्यांची कामास असमर्थ असल्याची नोंद मालक थेट विमा संस्थेकडून संगणकावर मिळवतो, आणि त्या नोंदीत आजाराचे नाव तर नसतेच, डॉक्टरांचेही नसते. ब्रिटनमध्ये आजारपणाच्या पहिल्या ७ दिवसांसाठी डॉक्टरांच्या कागदाची गरजच पडत नाही. कर्मचाऱ्याने स्वतः दिलेले निवेदन पुरते. भारतात २००२च्या वैद्यकीय आचारनियमांनुसार डॉक्टरांनी दिलेल्या प्रमाणपत्रांची नोंदवही आणि प्रत ठेवायची असते, त्यावर रुग्णाची सही किंवा अंगठा आणि ओळखीची खूण घ्यायची असते. त्याच नियमांनुसार रुग्णाची गुपिते, मोजके अपवाद सोडता, उघड करण्यास डॉक्टरांना मनाई आहे. म्हणजे ज्या नोंदीवरून पडताळणी होते ती नोंद आणि तिच्याभोवतीचे कुंपण, दोन्ही एकाच नियमावलीत आहेत.

हे सारे ऐकून ते म्हणाले, 'समजले.' पुढच्या आठवड्यात ते आले तेव्हा डोळ्यांखालची काळी वर्तुळे अधिक गडद झाली होती.

माहितीने भीती कमी झाली नाही, तर भीती दुसऱ्याच कशाची तरी आहे, एवढे मला अनुभवाने कळते. मी त्यांना सर्टिफिकेट दाखवायला सांगितले. त्यांनी मोबाइलमधला फोटो उघडला, दोन बोटांनी मोठा केला आणि फोन माझ्यापुढे धरला. नाव, तारखा, 'कामास असमर्थ' हे शब्द, सगळे स्वच्छ दिसत होते. खालच्या कोपऱ्यावर मात्र त्यांचा अंगठा होता. मी फोन थोडा वळवला, तसा अंगठाही सरकला आणि पुन्हा त्याच कोपऱ्यावर जाऊन बसला.

'अंगठ्याखाली काय आहे?' मी विचारले.

बऱ्याच वेळाने त्यांनी अंगठा उचलला. खाली डॉक्टरांचा शिक्का होता आणि शिक्क्यात पदवीखाली एक शब्द होता : मानसोपचारतज्ज्ञ.

'कामावर काय सांगितले होते?'

'व्हायरल ताप.'

आता चित्र स्पष्ट झाले. रोज सकाळी कामावर निघताना त्यांच्या छातीत धडधड सुरू होई, हातपाय गार पडत, आणि एकदा तर गेटच्या आत पाऊल टाकता न आल्यामुळे ते अर्ध्या वाटेवरून घरी परतले होते. डॉक्टरांनी औषध दिले, विश्रांती सांगितली आणि योग्य ते सर्टिफिकेट लिहिले. त्यातला शब्द न् शब्द खरा होता. खोटे होते ते फोनवरून वरिष्ठांना सांगितलेले एक वाक्य.

मी त्यांना जो प्रश्न विचारला, तो त्यानंतर मी अनेकांना विचारला आहे, आणि माझ्या कामातले जे थोडे प्रश्न मला स्वतःला सापडले असे वाटते, त्यांपैकी तो एक आहे. मी म्हणाले, 'हा कागद खोटा ठरेल याची भीती तुम्हाला वाटते, की तो खरा ठरेल याची?'

ते माझ्याकडे पाहतच राहिले. मग खाली मान घालून म्हणाले, 'खरा ठरेल याची.'

त्या क्षणी मी काही बोलले नाही. दोन आठवडे ज्या माणसाने 'माझे सर्टिफिकेट खरे आहे' हे वाक्य ढालीसारखे पुढे धरले होते, त्याला आपण त्या खरेपणापासूनच पळत होतो हे उमगत होते, आणि अशा वेळी समुपदेशकाने घाईने पुढचा प्रश्न टाकणे म्हणजे उगवत्या रोपाला ओढून मोठे करण्यासारखे आहे. शांतता त्यांनीच मोडली.

'मानसोपचारतज्ज्ञाकडे जाणारा माणूस दहा जणांना काय सांभाळणार, असे सगळे म्हणतील.'

'असे कोण म्हणाले?'

'कुणी नाही अजून.'

'मग हे वाक्य इतके तयार कसे?'

याचे उत्तर द्यायला त्यांना फार जड गेले. पाच-सहा वर्षांपूर्वी त्यांच्याच विभागातील एक सहकारी दीर्घ रजेवर गेला होता. तो कुठे उपचार घेत आहे हे कुणालातरी कळले होते आणि डबा खाताना हेच वाक्य त्यांनी स्वतः उच्चारले होते. चारचौघे हसले होते. सहकारी परत आला, काही महिन्यांनी बदली मागून निघून गेला. ते वाक्य मात्र विभागातच राहिले, आणि आता बोलणाऱ्याकडेच परतले होते. मनुष्यबळ विभागाचा पडताळणीशी संबंध कागदापुरता होता. माणूस म्हणून आपली लायकी तपासली जाणार हा निकाल त्यांनी स्वतःच्याच जुन्या वाक्याच्या आधारे लावून ठेवला होता.

त्यानंतरच्या भेटींत आम्ही त्या वाक्यावरच काम केले. ते खरे आहे का, याचा पुरावा मी त्यांच्याच पंधरा वर्षांत शोधायला लावला. धडधड सुरू झाल्यानंतरच्या चार महिन्यांतही त्यांच्या भांडाराचा साठा वहीशी जुळत होता, माणसांच्या पाळ्या वेळेवर लागत होत्या. मग मी त्यांना त्या सहकाऱ्याबद्दल विचारले, 'तो काम कसे करायचा?' ते म्हणाले, 'उत्तम.' एवढ्या एका शब्दानंतर त्यांच्या डोळ्यांत पाणी आले. 'कुणीही माझ्यावर कधीही शंका घेता कामा नये' ही त्यांची मागणी हळूहळू 'शंका घेतली गेली तर वाईट वाटेल, पण मी ते सोसू शकेन' इथवर उतरली. ऐकायला हा फरक किरकोळ वाटतो. ज्याने तो स्वतः अनुभवला आहे त्याला त्याचे वजन ठाऊक आहे.

व्यवहारातही काही गोष्टी कराव्या लागल्या, आणि त्या इतरांच्याही उपयोगी पडतील. संमतिपत्र आम्ही ओळीओळीने वाचले. त्यात 'माझी सर्व वैद्यकीय माहिती' असे शब्द होते. त्यांनी विनयपूर्वक लिहून विचारले, की संमती केवळ प्रमाणपत्राच्या अस्सलपणापुरती आणि रजेच्या तारखांपुरती मर्यादित करता येईल काय, आणि कागद कोण कोण पाहणार आहे. होकार आला, आणि वरिष्ठांना फक्त 'पडताळणी झाली' किंवा 'नाही झाली' एवढेच कळवले जाते, असेही उत्तरात होते. सही करण्याआधी विचारलेला असा प्रश्न उद्धटपणा ठरत नाही. तो लेखी आणि सौम्य शब्दांत असावा, एवढेच पथ्य. ज्यांची रजा अजून व्हायची आहे त्यांनी डॉक्टरांना आधीच सांगावे, की आजाराचे नाव आवश्यक नसेल तर लिहू नये, कामास असमर्थ असल्याचा कालावधी मात्र स्पष्ट लिहावा. शिक्क्यावरूनच तज्ज्ञता उघड होत असेल, तर कागद वरिष्ठांच्या हाती न देता थेट मनुष्यबळ किंवा वैद्यकीय विभागाकडे देता येईल का, हे विचारावे.

तापाच्या त्या वाक्याचे काय करायचे, हा प्रश्न उरला होता. आजाराचे नाव सांगण्याचे बंधन त्यांच्यावर नव्हते, पण खोटे नाव दिल्याचे ओझे होते. त्यांनी वरिष्ठांना भेटून सांगितले, 'त्या वेळी मी ताप म्हणालो ते बरोबर नव्हते. आजार वेगळा होता, खासगी आहे, उपचार चालू आहेत, आणि सर्टिफिकेट त्याचेच आहे.' वरिष्ठ म्हणाले, 'बरे वाटते आहे ना आता?' आणि पुढच्या कामाकडे वळले. वरिष्ठांना सांगायचे ते वाक्य त्यांनी आधी माझ्यासमोर सात-आठ वेळा म्हणून पाहिले होते, हे मी मुद्दाम नोंदवते, कारण आयत्या वेळी असली वाक्ये सुचत नाहीत.

ज्यांनी कागदात खरोखरच फेरफार केला आहे, त्यांच्याबद्दल एक शब्द. माझ्याकडे आलेल्या एका तरुणीने तीनचा आकडा आठ केला होता. आजार खरा होता, जादा पाच दिवस नव्हते. तिला मी पडताळणीच्या आधी स्वतः जाऊन सांगण्याचा सल्ला दिला, आणि त्याची किंमत मोजावी लागेल हेही लपवले नाही. दवाखान्याच्या प्रतीत तीनच लिहिलेले असते. अशा वेळी मन शांत करण्याचे कौशल्य मी वापरत नाही; ती बेचैनी योग्य जागी असते.

त्या गृहस्थांची पडताळणी संमतिपत्र पाठवल्यापासून अकराव्या दिवशी एका ओळीच्या ई-मेलने संपली. दवाखान्यातल्या स्वागतिकेने त्यांना नंतर सांगितले, की फोन दोन मिनिटांत आटोपला होता. पुढच्या भेटीत ते खुर्चीत बसले आणि म्हणाले, 'मॅडम, सकाळच्या धडधडीबद्दल आपण अजून काहीच बोललो नाही.' खरेच होते. ज्या आजारासाठी रजा घेतली होती, त्याच्याकडे वळायला आम्हाला सहा आठवडे लागले होते. मी नवे पान उघडले आणि विचारले, 'गेट किती अंतरावरून दिसू लागते?'