फॉर्म्युले पाठ, तरी गणित अडतं!

प्रश्न: सर, मी केमिकलच्या थर्ड इयरला, कोथरूडला होस्टेलवर राहते. मास ट्रान्सफर आणि रिअॅक्टर, दोन्हीचे फॉर्म्युले पाठ आहेत पण पेपरात गणित अडतंच. काय करू?

उत्तर: अगं पाठ करतेस तिथेच घोळ आहे. रिअॅक्टरचं बघ, लिक्विड फेज, फर्स्ट ऑर्डर रिअॅक्शन, ९० टक्के कन्व्हर्जन हवंय, तर के-टाऊ (रेट कॉन्स्टंट गुणिले माल आत राहण्याचा वेळ) पीएफआरला, म्हणजे नळीसारख्या रिअॅक्टरला, २.३० येतो आणि सीएसटीआरला, म्हणजे सतत ढवळणाऱ्या टाकीला, थेट ९, म्हणजे टाकी जवळपास चौपट, कारण आत पडलेला माल लगेच पातळ होतो आणि सगळी रिअॅक्शन आउटलेटच्या त्या मरतुकड्या कॉन्सन्ट्रेशनला चालते. दोन सारख्या टाक्या सिरीजमध्ये लावल्या की एकूण ४.३२. हे मोल बॅलन्स (आत आलेल्या, बाहेर गेलेल्या आणि रिअॅक्ट झालेल्या मोल्सचा हिशोब) मांडून स्वतः काढ, बघून उतरवू नकोस.

आता मास ट्रान्सफर. डिस्टिलेशन कॉलमला किती स्टेज लागतील ते ग्राफवर पायऱ्या काढून मोजायची मॅक्केब-थीले पद्धत १९२५ची, पण अजून कागदावरच कळते. अप्पा बळवंत चौकातून ग्राफ पेपर आण आणि रिफ्लक्स रेशो (वरून कॉलममध्ये परत सोडलेला माल भागिले बाहेर काढलेला) कमी कमी करत पायऱ्या काढ, ऑपरेटिंग लाइन (कॉलमच्या मास बॅलन्सची रेघ) इक्विलिब्रियम कर्व्हला टेकायला आली की पायऱ्या भसाभस वाढतात, तोच मिनिमम रिफ्लक्स. (पेन्सिल टोकदार ठेव, वरच्या कोपऱ्यात नुसता चिखल होतो.) अॅब्सॉर्प्शन (वायूतला घटक द्रवात शोषून घेणं) त्यानंतर घे, तिथे लाइन कर्व्हच्या वर येते एवढंच.