मुलगी १४ वर्षांची, नागपुरात व्हायोलिन शिकते. व्यावसायिक ऑर्केस्ट्रात जाऊ शकेल का?

हो, जाऊ शकेल. पण दहावी-बारावीनंतर तिला नागपूर सोडावं लागेल. पगारी सिम्फनी ऑर्केस्ट्रा म्हणावा असा आपल्याकडे मुंबईच्या एनसीपीए (नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्स) या कलाकेंद्रातलाच, २००६ साली सुरू झालेला सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया. त्यामुळे बहुतेक मुलं पदवीसाठी परदेशी कॉन्झर्व्हेटरीकडे, म्हणजे संगीत महाविद्यालयाकडे वळतात. मी मुलांची ऑडिशनची तयारी करून घेतो, त्यावरून सांगतो: ऑर्केस्ट्राच्या ऑडिशनला साधारणपणे मोझार्टच्या एखाद्या कॉन्चेर्टोचा (एकल वाद्य आणि ऑर्केस्ट्रासाठीच्या रचनेचा) पहिला भाग आणि ऑर्केस्ट्राच्या रचनांतले कठीण तुकडे वाजवायला लावतात, अनेकदा पडद्याआडून. म्हणून आजच दोन गोष्टी बघा:

- तारा जी-डी-ए-ई अशा लावलेल्या आहेत का? मांडी घालून, सा-प स्वरांत लावून वाजवणं ही आपली सुंदर परंपरा आहे, पण वाट वेगळी.
- अनोळखी स्टाफ नोटेशन (पाच रेघांवरची पाश्चात्य स्वरलिपी) समोर ठेवलं तर ती लगेच वाचून वाजवते का? आपली मुलं इथेच सर्वात जास्त अडखळतात.

ट्रिनिटी किंवा एबीआरएसएम या ब्रिटिश संस्थांच्या संगीत परीक्षा जरूर द्या. मात्र त्यातली आठवी ग्रेड हा कॉन्झर्व्हेटरीचा उंबरठा आहे, नोकरीची हमी नाही. एका खुर्चीसाठी शेकडो अर्ज येऊ शकतात.