जाती पुष्कळ झाल्या, म्हणजे अनुकूली प्रसरण झाले काय?

प्रश्न : अंजनेरी डोंगराचे नाव लाभलेले एक दुर्मीळ कंदीलपुष्प आहे. सह्याद्रीत कंदीलपुष्पांच्या इतरही अनेक जाती आहेत. गॅलापागोस बेटांवरील फिंच पक्ष्यांप्रमाणे हेही अनुकूली प्रसरणाचे उदाहरण मानावे काय?
– एक वाचक, गंगापूर रोड, नाशिक

उत्तर : नुसत्या जातींच्या संख्येवरून तसे मानता येत नाही. एका पूर्वजापासून तुलनेने थोड्या काळात अनेक जाती निर्माण व्हाव्या लागतात आणि प्रत्येक जातीची शरीररचना तिच्या जगण्याच्या रीतीला उपयोगी पडते, हेही दाखवावे लागते. पाठ्यपुस्तके ही दुसरी अट घाईने उरकतात. खरे काम मात्र तिथेच आहे.

फिंच पक्ष्यांबाबत ते झाले आहे. पीटर व रोझमेरी ग्रँट या दांपत्याने 1973 पासून डॅफ्नी मेजर या लहानशा बेटावर पक्ष्यांच्या चोची मोजल्या. 1977 मध्ये तेथे अवर्षण पडले, बारीक, मऊ बिया संपल्या आणि आपल्याकडील सराट्याच्या सख्ख्या नात्यातील एका वनस्पतीची काटेरी, टणक फळे तेवढी उरली. ती फोडू शकणारे जाड चोचीचे पक्षी अधिक संख्येने तगले आणि चोचीचा आकार आनुवंशिक असल्यामुळे पुढची पिढीही सरासरीने जाड चोचीची निघाली. (1983 च्या अतिवृष्टीनंतर बारीक बिया मुबलक झाल्या, तेव्हा नैसर्गिक निवडीची दिशा उलटली, म्हणजे लहान चोची फायद्याच्या ठरल्या, हेही सांगायला हवे.) आफ्रिकेतील व्हिक्टोरिया सरोवरात सुमारे 15,000 वर्षांत सिक्लिड माशांच्या 500 च्या आसपास जाती झाल्या, त्यांच्या घशात दुसरा जबडा असतो, आणि गोगलगायी चिरडणाऱ्या माशांत तो दणकट झालेला दिसतो.

आता कंदीलपुष्प. त्याच्या नळीत खाली वळलेले केस असतात. गंधाने ओढल्या गेलेल्या चिमुकल्या माश्या आत शिरतात, केस कोमेजेपर्यंत अडकून पडतात आणि सुटल्यावर परागपुंज घेऊन दुसऱ्या फुलाकडे जातात. निरनिराळ्या जातींकडे निरनिराळ्या माश्या येतात आणि नळीचा आकार व गंध त्यांनाच अनुरूप आहेत, असे सिद्ध झाले, तर आपले म्हणणे भक्कम होईल. अन्यथा दुसरी शक्यता उरते : डोंगरमाथे एकमेकांपासून तुटलेले असल्याने तेथील झाडांचा संकर थांबतो, आणि जगण्याची रीत तीच राहूनही काळाच्या ओघात जाती वेगळ्या होतात. क्रीट बेटावरील आल्बिनारिया गोगलगायींच्या जाती अशाच, अधिवासात फारसा फरक न पडता वेगळ्या झालेल्या मानल्या जातात, आणि अशा प्रसरणाला अनुकूली म्हणत नाहीत.

म्हणून पावसाळ्यात अंजनेरीवर गेल्यास फूल न तोडता, कंद न उकरता, नळीच्या तोंडाशी कोणती माशी येते तेवढे टिपावे. आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने जातींच्या यादीपेक्षा ती नोंद अधिक मोलाची ठरेल.